शालेय पोषण आहारात ज्वारी, बाजरी, नाचणी: कागदावरून ताटात कधी?

वारजे परिसरात माझ्या घराजवळ एक पोळी-भाजी केंद्र आहे. तिथे भाकरी पोळीपेक्षा महाग मिळते आणि संध्याकाळी आधी भाकरीच संपते. गिऱ्हाईक बहुतेक सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर या भागांतून कामासाठी पुण्यात आलेले. गावी घरची ज्वारी होती, इथे ती विकत घ्यावी लागते. याच कुटुंबांतील मुले जवळच्या शाळेत जातात. दुपारी त्यांच्या ताटात काय असते? मसालेभात, मटार पुलाव, मूगडाळ खिचडी किंवा चवळी खिचडी. म्हणजे नाव कोणतेही असले तरी तांदूळच.

भात वाईट आहे असे मुळीच नाही. प्रश्न असा आहे, की ज्या राज्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो आणि जिथे कमी पाण्यावर ज्वारी, बाजरी पिकते, त्या राज्यातील सुमारे एक कोटी शाळकरी मुलांच्या दुपारच्या जेवणात ही धान्ये जवळपास नाहीत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष होते. त्या वर्षी भाषणे, मेळावे, पाककृती स्पर्धा खूप झाल्या. आता ते वर्ष मागे पडले आहे. शेतात आणि शाळेत प्रत्यक्ष काय उरले, हे पाहण्याची हीच वेळ आहे.

काय ठरले आणि काय बदलले?

केंद्राची मध्यान्ह भोजन योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सुरुवातीला मुलांना घरी नेण्यासाठी कोरडा तांदूळ मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. २०२१ पासून योजनेचे नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने, हा निकष आहे. त्यासाठी धान्य अनुक्रमे १०० आणि १५० ग्रॅम धरले जाते.

महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये आहाराची नवी रचना आली. तिला तीन संरचित आहार म्हटले गेले. एकूण १५ पाककृती ठरल्या आणि त्यात 'नाचणी सत्व' हा पदार्थ होता. तृणधान्याला अधिकृत पाककृतीत जागा मिळाली, ही चांगली गोष्ट होती. मात्र २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने ही रचना बदलली. पाककृती १२ झाल्या. अंडा पुलाव, तांदळाची खीर आणि नाचणी सत्व हे पदार्थ ऐच्छिक ठरले. अंडी व साखर यांचा खर्च शाळांनी लोकसहभागातून करावा, असे सांगण्यात आले.

ऐच्छिक या शब्दाचा अर्थ गावातील मुख्याध्यापकाला बरोबर कळतो. ज्याला पैसे नाहीत आणि ज्याची विचारणा होणार नाही, ते काम मागे पडते. हिशेब करून पाहा. १०० मुलांच्या शाळेत एका मुलामागे १५ ग्रॅम साखर धरली, तर एका वेळी दीड किलो लागते. म्हणजे ६०-७० रुपये. रक्कम मोठी नाही, पण ती दर वेळी मागायची कोणाकडे? नाचणी अडली ती ६०-७० रुपयांच्या साखरेपाशी.

मुळात नाचणीच्या पदार्थाला साखर लागतेच असे नाही. आपल्याकडे ताक, मीठ, जिरे, लसूण घालून आंबील करतात. कोकणात, कोल्हापूर भागात, मावळात ती घरोघरी माहीत आहे. नाचणीचे पीठ भाज्यांच्या पाण्यात शिजवूनही चांगले लागते. पाककृती गोडाची ठरवली म्हणून साखरेचा प्रश्न आला. ती तिखट-मिठाची ठरवली असती, तर निदान साखरेचे कारण उरले नसते.

ताटात भातच का येतो?

याचे उत्तर चवीत नाही, पुरवठ्यात आहे. योजनेचा तांदूळ केंद्र सरकार भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून राज्याला विनामूल्य देते. गेल्या काही वर्षांत लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ जीवनसत्त्व घातलेला गुणसंवर्धित तांदूळ देण्यात आला. कडधान्य, तेल, मसाले, भाजीपाला, इंधन यांसाठी वेगळा खर्च मिळतो. हा खर्च १ मे २०२५ पासून प्राथमिकसाठी प्रतिविद्यार्थी ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे आहे. केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असा.

म्हणजे शाळेला तांदूळ फुकट आणि दारात मिळतो. ज्वारी-बाजरी मात्र या साडेसहा-सात रुपयांतून विकत घेणे शक्य नाही. १०० ग्रॅम ज्वारीलाच चार-पाच रुपये लागतील. म्हणून 'शाळांनी भाकरी द्यावी' असे सांगून काहीही होत नाही. तांदळाच्या जागी ज्वारी याच वाटेने, याच किमतीत, म्हणजे शाळेसाठी विनामूल्य आली पाहिजे.

कायद्यात याची अडचण नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ मध्ये तांदूळ, गहू यांच्यासोबत भरड धान्याचाही समावेश आहे. राज्याने हमीभावाने भरड धान्य खरेदी करून ते राज्यातच वाटायचे, अशी केंद्राची पद्धत आहे. वाटपाची मुदत पूर्वी कमी असल्याने राज्ये धान्य घ्यायला कचरत होती. डिसेंबर २०२१ मध्ये ती ज्वारीसाठी ९ महिने आणि नाचणीसाठी १० महिने करण्यात आली. पोषण योजनेत तृणधान्याचा पदार्थ शक्यतो आठवड्यातून एकदा द्यावा, अशी सूचनाही केंद्राने राज्यांना केलेली आहे. दार उघडे आहे. राज्याने खरेदी, साठवण आणि वाटप यांची साखळी उभी करायची आहे.

सरकारला भात स्वस्त पडतो का?

हा प्रश्न शेतकरी गटांच्या बैठकीत नेहमी येतो. २०२५-२६ चे हमीभाव क्विंटलला असे आहेत:

- भात (साधारण): २,३६९ रुपये
- ज्वारी (संकरित): ३,६९९ रुपये
- ज्वारी (मालदांडी): ३,७४९ रुपये
- बाजरी: २,७७५ रुपये
- नाचणी: ४,८८६ रुपये

भात सर्वांत स्वस्त दिसतो. पण १०० किलो भातातून सुमारे ६७ किलो तांदूळ निघतो. म्हणजे भरडाई, बारदान, वाहतूक, व्याज काही न धरता तांदूळ किलोला साधारण ३५ रुपयांना पडतो. बाजरी साफ करून जवळजवळ सगळी वापरता येते. ती २८ रुपयांच्या आत बसते. ज्वारी ३७ रुपये. म्हणजे ज्वारी तांदळाच्या बरोबरीला आहे आणि बाजरी स्वस्त आहे. महाग आहे ती नाचणी, पण ती एका मुलाला ३० ग्रॅमच लागते.

फरक एवढाच, की तांदळाची यंत्रणा पन्नास वर्षांपासून उभी आहे. गिरण्या, गोदामे, रेल्वेचे डबे, तपासनीस सगळे ठरलेले आहेत. ज्वारीसाठी यातले बरेच नव्याने करावे लागेल.

पोषणाचा प्रामाणिक हिशेब

तृणधान्यांबद्दल आजकाल अतिशयोक्ती खूप होते. विस्तार कार्यकर्त्यांनी पालकांशी बोलताना नेमके तेवढेच सांगावे.

कॅल्शियम: इथे नाचणीला तोड नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पॉलिश तांदळात १० मिलिग्रॅमच्या आसपास. ३० ग्रॅम नाचणीतून १०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची रोजची गरज ६५० मिलिग्रॅम धरली जाते. म्हणजे एका वाटीत सहावा हिस्सा. ज्या घरात दूध विकले जाते आणि मुलाच्या वाट्याला येत नाही, तिथे ही मोठी गोष्ट आहे.

लोह: बाजरीत १०० ग्रॅमला ६ मिलिग्रॅमच्या वर लोह आहे. ज्वारीत ४ च्या आसपास, पॉलिश तांदळात एकच्याही आत. मात्र तृणधान्यातील फायटेटमुळे हे सगळे लोह अंगी लागत नाही. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनी फायटेट कमी होते आणि लिंबू, आवळा, टोमॅटो सोबत असला की लोह अधिक शोषले जाते. गेल्या काही वर्षांत शाळेला लोहयुक्त तांदूळ मिळाला आहे, हेही लक्षात ठेवावे. त्यामुळे 'बाजरी खाल्ली की रक्त वाढले' असे सांगू नये. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० पैकी सुमारे ६९ बालकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हीच मुले पुढे शाळेत येतात. त्यांना लोह एकाच वाटेने नव्हे, अनेक वाटांनी मिळायला हवे.

तंतू: ज्वारी, बाजरी, नाचणीत १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, तांदळात ३ ग्रॅमच्या आत. तंतूंमुळे पोट जास्त वेळ भरलेले राहते. पण म्हणूनच लहान मुलांना एकदम पूर्ण ताट तृणधान्याचे देऊ नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत निम्मा तांदूळ, निम्मे तृणधान्य असे सुरू करावे.

कर्नाटकात इक्रिसॅट आणि अक्षय पात्र यांनी मिळून सुमारे दीड हजार शाळकरी मुलांवर तीन महिने अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तांदळाच्या जागी नाचणीची इडली, बाजरी व सावा-कुटकी गटातील धान्याची खिचडी, उपमा असे पदार्थ दिले होते. मुलांनी ते आवडीने खाल्ले आणि उंची व वजनाच्या मोजमापात नेहमीचा भात खाणाऱ्या मुलांपेक्षा सुधारणा दिसली. तीन महिन्यांचा एक अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण 'मुले खाणार नाहीत' या आक्षेपाला तो पुरेसे उत्तर आहे.

खरी अडचण चुलीपाशी

काही वर्षांपूर्वी हवेली तालुक्यातील एका शाळेत भाकरीचा प्रयोग पाहायला गेलो होतो. हौसेने केलेला उपक्रम होता. बाजरीच्या भाकऱ्या सकाळी आठला थापायला घेतल्या. मुले जेवायला बसली तेव्हा पहिल्या भाकऱ्या गार होऊन कडक झाल्या होत्या. निम्म्या मुलांनी भाकरी कुस्करून बाजूला ठेवली. शिक्षक म्हणाले, "मुलांना आवडत नाही." स्वयंपाक करणाऱ्या ताई हळूच म्हणाल्या, "साहेब, घरी गरम दिली की हीच पोरं दोन-दोन खातात."

१०० मुलांसाठी १०० भाकऱ्या लागतात. एका भाकरीला तीन मिनिटे धरली आणि दोघी जणी दोन तव्यांवर करत असल्या, तरी अडीच तास जातात. शिवाय वरण-भाजी वेगळी. हे सगळे अडीच हजार रुपये मानधनात. कोणीही हे रोज करणार नाही आणि करावे अशी अपेक्षाही चूक आहे. वारज्यासारख्या शहरी भागात तर अन्न शाळेबाहेर शिजते आणि डब्यांतून येते. तिथे भाकरीचा विचारच करू नये.

म्हणून भाकरी हा घरचा पदार्थ राहू द्यावा. शाळेसाठी एका पातेल्यात होणारे पदार्थ निवडावेत:

- बाजरीचा खिचडा: बाजरी रात्रभर भिजवून, भरडून, मूगडाळ व भाज्यांसह शिजवणे. खिचडीचे पातेले तेच, मसाला तोच.
- ज्वारीच्या कण्या किंवा रवा: उपमा, मसालेभातासारखा पदार्थ किंवा तांदळात निम्मा मिसळून खिचडी. रवा आधी अर्धा तास भिजवला की इंधन वाचते.
- नाचणीची तिखट आंबील: मोड आणलेल्या नाचणीचे पीठ, ताक किंवा भाज्यांचे पाणी, जिरे, लसूण, मीठ.
- नाचणी किंवा ज्वारीचा लाडू: शेंगदाणा व गुळासह. आठवड्यातून एकदा द्यायच्या पूरक आहारासाठी.

दुसरी अडचण पिठाची. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो. दळल्यावर आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होते. म्हणून बाजरीचे पीठ दूरच्या कारखान्यातून महिन्याच्या साठ्याने शाळेत येऊच नये. धान्य आणावे आणि दर आठवड्याला जवळच्या गिरणीत भरडावे. 'मुलांना बाजरी आवडत नाही' या तक्रारीमागे अनेकदा शिळे पीठ असते.

तिसरी गोष्ट मनाची. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी ज्यांनी खाल्ली, त्या पिढीच्या मनात सरकारी भरड धान्य म्हणजे अडचणीच्या काळातील अन्न असे बसले आहे. काळी पडलेली, किडकी ज्वारी शाळेत आली तर तोच शिक्का पुन्हा बसेल. पहिले पोते उत्तम दर्जाचे असले पाहिजे.

कर्नाटक, ओडिशाने काय केले?

कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून शाळांमध्ये आठवड्यातून तीन दिवस दुधात नाचणीचे माल्ट दिले जाते. हे जमले, कारण त्याआधी अनेक वर्षे ते राज्य हमीभावाने नाचणी खरेदी करून दक्षिणेकडील जिल्ह्यांत रेशनवर देत होते. खरेदी केंद्र, गोदाम, शेतकऱ्यांची नोंदणी आधीच होती. शाळा ही त्या साखळीची पुढची कडी ठरली.

ओडिशाने २०१७ मध्ये तृणधान्य अभियान सुरू केले. आधी आदिवासी भागात बियाणे व लागवड, मग गावाजवळ मळणी व सफाईची यंत्रे, मग हमीभावाने नाचणी खरेदी आणि त्यानंतर केओंझरसारख्या जिल्ह्यांत अंगणवाडीत नाचणीचा लाडू. लाडू बनवण्याचे काम महिला बचत गटांकडे दिले.

दोन्हीकडे खरेदी आधी झाली आणि पाककृती नंतर आली. आपल्याकडे २०२४ मध्ये पाककृती आधी आली. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात श्रीअन्न अभियानासाठी २०० कोटी रुपये आणि सोलापूरला उत्कृष्टता केंद्र जाहीर केले होते. त्या दिशेचा उपयोग शाळेच्या ताटापर्यंत नेला, तरच शेतकऱ्याला त्याचा अर्थ आहे.

शेतकऱ्याला किती मागणी मिळेल?

एक कोटी मुले, सरासरी १२० ग्रॅम, आठवड्यातून एक दिवस, वर्षाला ३५ आठवडे, असा हिशेब केला तर ४ लाख २० हजार क्विंटल धान्य लागेल. रब्बी ज्वारीचे कोरडवाहू उत्पादन हेक्टरी १० क्विंटल धरले, तर ४२ हजार हेक्टरचा माल. ऐंशीच्या दशकात राज्यात ज्वारी ६० लाख हेक्टरांच्या वर होती, आज ती २० लाखांच्या आत आली आहे. त्या मानाने ४२ हजार हेक्टर म्हणजे दोन-अडीच टक्के. यामुळे बाजारात ज्वारीचा भाव दुप्पट होईल, अशी आशा कोणी दाखवली तर विश्वास ठेवू नये.

नाचणीचे चित्र वेगळे आहे. ३० ग्रॅमप्रमाणे याच पद्धतीने १ लाख ५ हजार क्विंटल नाचणी लागेल. म्हणजे नऊ-दहा हजार हेक्टर. राज्यातील नाचणीचे क्षेत्र एक लाख हेक्टरांच्या आत असल्याने हा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त होतो. कोकण, कोल्हापूर, नाशिक, पालघर आणि पुण्याचा पश्चिम भाग येथील डोंगर-उतारावरच्या शेतकऱ्यांना ही मागणी जाणवण्याएवढी आहे. म्हणूनच जानेवारी २०२५ चा बदल नाचणी पिकवणाऱ्यांना सर्वांत जास्त लागला.

ज्वारीबाबत आणखी एक मुद्दा. चांगली मालदांडी सोलापूर, बार्शीच्या बाजारात बहुतेक वेळा हमीभावाच्या वर जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. असा शेतकरी हमीभावाने शाळेसाठी ज्वारी देणार नाही आणि त्याला दोषही देऊ नये. शाळेसाठी खरीप संकरित ज्वारी व बाजरी हा जास्त व्यवहार्य माल आहे. विदर्भ, खानदेशात सोयाबीन, कपाशीने खरीप ज्वारी मागे सारली. तिथे खात्रीची खरेदी असेल तर काही शेतकरी फेरपालटासाठी पुन्हा ज्वारी घेऊ शकतात. कडबा मिळतो, तो वेगळा.

ज्वारी का सुटली, हेही विसरू नये. काढणी, कणसे खुडणे, मळणी हे मजुरीचे काम आहे. गावात ज्वारीचे एकच शेत उरले की सगळी पाखरे त्याच शेतावर उतरतात. त्यामुळे एकट्याने नव्हे, शिवारातील आठ-दहा जणांनी सलग क्षेत्रावर पेरणी करावी.

शाळेसाठी माल द्यायचा असेल तर

वाणाची निवड:
- रब्बी ज्वारी: हलक्या जमिनीत फुले अनुराधा, फुले माऊली, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, मालदांडी, परभणी मोती, भारी जमिनीत फुले वसुधा, फुले रेवती.
- बाजरी: लोहाचे प्रमाण जास्त असलेले धनशक्ती (सुधारित), फुले आदिशक्ती, फुले महाशक्ती, एएचबी १२०० एफई. शाळेसाठी बाजरी घ्यायची तर याच वाणांचा आग्रह धरावा. धनशक्तीचे बियाणे घरचे राखता येते, संकरित वाणांचे दरवर्षी नवे घ्यावे लागते.
- नाचणी: फुले नाचणी, फुले कासारी, दापोली १.

दर्जा:
- बाजरीत अरगट हा रोग मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा आहे. पेरणीपूर्वी २० टक्के मिठाच्या द्रावणात (१० लिटर पाण्यात २ किलो मीठ) बियाणे बुडवून वर तरंगणारे काढून जाळून टाकावे, उरलेले दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. रोगट कणसे मळणीत मिसळू नयेत.
- खरीप ज्वारी पक्व होताच काढावी. पावसात उभी राहिली की दाणे काळे पडतात व बुरशी येते. असा माल शाळेसाठी देऊ नये.
- नाचणीची मळणी जमिनीवर न करता ताडपत्रीवर करावी. वाळू व खडे ही नाचणीची सर्वांत मोठी तक्रार आहे. गटाकडे खडे वेगळे करणारे यंत्र असावे.
- साठवणीपूर्वी दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणावा.

नाचणी सत्व: नाचणी १०-१२ तास भिजवून, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत. सावलीत पूर्ण वाळवून, मंद आचेवर भाजून दळावे. वस्त्रगाळ करून कोंडा टाकू नये, त्यासोबत कॅल्शियमही जाते. हवाबंद डब्यात हे पीठ दीड-दोन महिने टिकते. बचत गटांसाठी हा बाजरीच्या पिठापेक्षा सोपा माल आहे.

हंगामाप्रमाणे ताट: बाजरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नाचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. त्यामुळे जून ते ऑक्टोबर ज्वारी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाजरी आणि नाचणी वर्षभर थोडी थोडी, असा क्रम सोयीचा आहे. आपल्या घरांतही थंडीत बाजरी आणि उन्हाळ्यात ज्वारी असाच रिवाज होता. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी त्याच क्रमातली.

आत्ता काय करता येईल?

राज्यस्तरीय खरेदी सुरू होईपर्यंत थांबून राहण्याची गरज नाही. दहा शाळा, प्रत्येकी १०० मुले, असा एक गट धरा. आठवड्यातून एक दिवस तृणधान्य दिले तर वर्षाला सुमारे ४२ क्विंटल लागतात. म्हणजे चार-पाच हेक्टरचा माल. हे एका शेतकरी गटाच्या आवाक्यात आहे.

- शेतकरी गट व उत्पादक कंपन्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जावे. तिथे पालकांचे प्रतिनिधी सदस्य असतात. तिखट आंबिलीचा ठराव मांडावा.
- तिथिभोजनाच्या तरतुदीतून वाढदिवस, पुण्यतिथी किंवा सुगीच्या निमित्ताने केक-मिठाईऐवजी नाचणीची आंबील, बाजरीचा खिचडा द्यावा. मुलांना चव लागली की पुढचे सोपे होते.
- पूरक आहारासाठी बचत गटाने नाचणी-शेंगदाणा लाडवाचा दर लेखी द्यावा. अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्यावी.
- कृषी विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी केंद्रप्रमुख व स्वयंपाकी ताईंसाठी एका दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे. भाषण कमी, पातेले जास्त. किती मुलांनी पुन्हा मागितले, याची नोंद करावी. पुढे तीच नोंद मागणीला आधार देते.
- ग्रामसभेतून दोन मागण्या पाठवाव्यात: नाचणी सत्व ऐच्छिक न ठेवता नियमित करावे, आणि राज्याने हमीभावाने घेतलेली ज्वारी, बाजरी, नाचणी जवळच्याच तालुक्यातील शाळांना तांदळाप्रमाणे विनामूल्य द्यावी.

पेरणीपूर्वी एक सावधगिरी. शाळेत तृणधान्य येणार अशी बातमी वाचून क्षेत्र वाढवू नये. चार गोष्टी विचाराव्यात: लेखी मागणी आहे का, खरेदी केंद्र कुठे आहे, दर काय आणि पैसे किती दिवसांत मिळणार. चारांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर घरापुरते आणि बाजारात खात्रीने विकेल तेवढेच पेरावे. २०२३ च्या गाजावाजानंतर काही नाचणी उत्पादकांनी घरात माल ठेवून वाट पाहिली आणि शेवटी व्यापाऱ्याला दिला. तसे पुन्हा होऊ नये.

प्राथमिक शिक्षण संचालनालय पुण्यात आहे, कृषी आयुक्तालयही पुण्यातच आहे. वारज्याहून दोन्ही ठिकाणी अर्ध्या-पाऊण तासात जाता येते. एका कार्यालयाला मुलांना काय खायला द्यायचे हे पाहायचे आहे, दुसऱ्याला कोरडवाहू शेतकऱ्याने काय पिकवायचे हे. दोघांनी एकत्र बसून आधी खरेदी व मग पाककृती, या क्रमाने काम केले तर पोळी-भाजी केंद्रात भाकरीसाठी रांगेत उभ्या असलेल्या बापाच्या मुलालाही दुपारी शाळेत घरचे धान्य मिळेल. तोपर्यंत आपल्या गावच्या एका शाळेत, आठवड्यातून एक पातेले तरी आपणच चढवू या.